लहानपणी शिरतो, म्हातारपणी कळतो

आज शाळेतून घरी गेलात की आजीला किंवा आजोबांना एक प्रश्न विचारा. “पिसाळलेला कुत्रा चावला तर काय करावे?” उत्तर मिळायला वेळ लागणार नाही. जखम साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावी, ताबडतोब दवाखाना गाठावा, इंजेक्शने घ्यावीत, हे त्यांना ठाऊक असते. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, ही आठवणही कदाचित ते सांगतील. (ती पद्धत आता बंद झाली आहे. हल्ली दंडात मोजकीच इंजेक्शने देतात.)

आता दुसरा प्रश्न विचारा. “कुत्रा चावला नाही, त्याने ओरबाडलेही नाही, तो नुसता आपल्या अंगणात वावरला, तर त्याच्यामुळे माणसाच्या पोटात पाण्याची पिशवी वाढू शकेल का?” या प्रश्नावर आजोबा बहुधा हसतील. “असे कुठे होते का?” म्हणतील. पण असे होते. अगदी खरोखर होते.

पहिल्या रोगाचे नाव रेबीज. तो विषाणूमुळे होतो. दुसऱ्याचे नाव हायडॅटिड रोग. तो एका परोपजीवी कृमीमुळे होतो. परोपजीवी म्हणजे दुसऱ्या सजीवाच्या शरीरात किंवा शरीरावर राहून त्याच्याच जिवावर जगणारा. दोन्ही रोग माणसाला प्राण्यांपासून होतात आणि दोहोंतही कुत्र्याचा संबंध येतो. मग एक रोग खेड्यातल्या निरक्षर आजीलाही माहीत आणि दुसरा शहरातल्या शिकलेल्या आजोबांनाही माहीत नाही, असे का बरे व्हावे?

अनुभव कोठे अपुरा पडतो?

आपले वडीलधारे लोक पुष्कळशा गोष्टी अनुभवाने शिकलेले असतात. अनुभवाने शिकायचे तर कारण आणि परिणाम एकमेकांच्या जवळ असावे लागतात. विस्तवाला हात लागला की लगेच भाजते. म्हणून रांगते मूलही एकदाच चटका बसला की शिकते. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर रोगाची लक्षणे बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दिसतात. तोवर कुत्रा चावल्याची गोष्ट घरात कोणी विसरलेले नसते. त्यामुळे कुत्र्याचा चावा आणि रोग यांची सांगड गावोगावी आपोआप घातली गेली.

हायडॅटिड रोगाचे तसे नाही. कृमीचे अंडे सातव्या-आठव्या वर्षी पोटात जाते आणि दुखू लागते चाळिसाव्या, पन्नासाव्या, कधी साठाव्या वर्षी. मधल्या काळात तो कुत्रा मरून गेलेला असतो, घर बदललेले असते, कधी गावही बदललेले असते. साठ वर्षांच्या माणसाच्या पोटातल्या पिशवीचा संबंध त्याच्या बालपणीच्या कुत्र्याशी कोण लावणार? एका माणसाच्या अनुभवाला हे दुवे जुळवणे शक्यच नाही. ते काम विज्ञानाला करावे लागले. म्हणूनच हे ज्ञान आजोबांकडून नातवाकडे येत नाही. ते पुस्तकातून नातवाकडे येते आणि नातवाने ते आजोबांना सांगायचे असते.

दोन घरांचा पाहुणा

या कृमीचे शास्त्रीय नाव आहे एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. पट्टकृमींचा हा एक भाऊबंद. पट्टकृमी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काही मीटर लांबीची फीत येते. हा मात्र अगदी चिमुकला. लांबी २ ते ७ मिलिमीटर, म्हणजे मोठ्यात मोठा कृमी तांदळाच्या दाण्याएवढा. पुढे डोके, त्यावर चिकटून बसण्यासाठी चूषके आणि आकडे, आणि मागे सहसा तीन-चारच खंड. शेवटच्या खंडात अंडी भरलेली असतात.

या कृमीला आपला जीवनक्रम पुरा करण्यासाठी दोन प्राणी लागतात. ज्याच्या शरीरात परोपजीवी राहतो त्याला पोशिंदा म्हणतात. याचा एक पोशिंदा कुत्रा आणि दुसरा मेंढी, बकरी, गाय, म्हैस किंवा डुक्कर यांसारखा प्राणी.

कुत्र्यापासून सुरुवात करू. पूर्ण वाढलेले कृमी कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतात. एका कुत्र्यात ते हजारोंच्या संख्येने असू शकतात. तरीही कुत्रा आजारी दिसत नाही! तो खातो, पितो, खेळतो, शेपूट हलवतो. त्याच्या विष्ठेतून मात्र कृमींची अंडी बाहेर पडत राहतात. ही अंडी इतकी बारीक असतात की अशी तीस एका रांगेत ठेवली तर कशीबशी एक मिलिमीटर रांग होईल. डोळ्यांना ती दिसत नाहीत. गारवा आणि ओल असेल तर ती जमिनीवर कित्येक महिने टिकतात. कडक ऊन आणि कोरडेपणा मात्र त्यांना मानवत नाही.

मेंढी चरायला येते. गवताबरोबर अंडी तिच्या पोटात जातात. आतड्यात अंडे फुटून त्यातून सहा आकडे असलेला सूक्ष्म गर्भ बाहेर येतो. तो आतड्याच्या भिंतीत घुसतो, रक्तवाहिनीत शिरतो आणि रक्ताबरोबर वाहत जाऊन यकृतात किंवा फुप्फुसात अडकतो. तेथे त्याची पाण्याने भरलेली एक पिशवी तयार होते. तिला जलपुटी म्हणतात. हायडॅटिड हा शब्दही पाण्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आला आहे.

ही पिशवी नुसत्या पाण्याची नसते. तिच्या आतल्या अस्तरातून कृमीची असंख्य बारीक डोकी तयार होतात आणि पाण्याच्या तळाशी साठतात. पुटीतले पाणी काचेच्या भांड्यात घेऊन स्थिर ठेवले, तर तळाला बारीक वाळू बसल्यासारखी दिसते. या वाळूचा एकेक कण म्हणजे भावी कृमी. अशी वाळू तयार व्हायला मेंढीच्या शरीरात एक-दोन वर्षे तरी जातात. कोवळ्या कोकरात ती सापडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

मेंढी कापली जाते. पुटी असलेले यकृत किंवा फुप्फुस माणूस खात नाही. ‘हे खराब आहे’ म्हणून तो ते बाजूला टाकतो. कोणापुढे? अर्थात कुत्र्यापुढे. ही वाळू कुत्र्याच्या आतड्यात पोचली की प्रत्येक कणाचा एक कृमी होतो. सहा-सात आठवड्यांत तो अंडी देऊ लागतो. चक्र पूर्ण झाले!

माणूस मध्येच सापडतो

या चक्रात माणसाची गरज कोठे आहे? कोठेच नाही. तरी माणूस त्यात सापडतो. कुत्रा आपले अंग जिभेने चाटतो, तेव्हा अंडी त्याच्या तोंडाला आणि केसांना लागतात. त्याला कुरवाळणाऱ्या हातांना ती चिकटतात. हात न धुता मुलाने भाकरीचा तुकडा तोंडात घातला की अंडी पोटात. कुत्र्याच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून किंवा उघड्या पाण्यातूनही ती येतात. जमिनीवर खेळणारी, कुत्र्याच्या गळ्यात पडणारी लहान मुले यात सर्वांआधी सापडतात.

पोटात गेल्यावर अंड्याला आपण मेंढीत आहोत की माणसात, हे कळत नाही. ते मेंढीत जे करते तेच माणसात करते. माणसांतल्या सुमारे दोन तृतीयांश पुटी यकृतात असतात. उरलेल्यांतल्या बऱ्याच फुप्फुसात आणि थोड्या मेंदू, हाडे, मूत्रपिंड अशा ठिकाणी.

माणूस हा मात्र कृमीच्या दृष्टीने बंद रस्ता आहे. माणसाचे यकृत कुत्रा खात नाही, म्हणून चक्र तेथेच थांबते. एका माणसापासून दुसऱ्या माणसाला हा रोग होत नाही. आजोबांना हा रोग असला तर त्यांच्या ताटात जेवल्याने, त्यांच्याजवळ झोपल्याने तो नातवंडांना लागत नाही.

पिशवीचे गणित

हा रोग इतकी वर्षे लपून कसा राहतो? थोडे गणित करून पाहू. पुटी किती वेगाने वाढेल ते माणसामाणसांत आणि अवयवाअवयवांत वेगळे असते. काहींत ती वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढते, तर काहींत काही सेंटिमीटर. आपण सोयीसाठी धरू, की तिचा व्यास दर वर्षी १ सेंटिमीटरने वाढतो.

गोलाच्या घनफळाचे सूत्र तुम्हांला माहीत आहे. पहिल्या वर्षाअखेर १ सेंटिमीटर व्यासाच्या पुटीत जेमतेम अर्धा मिलिलिटर पाणी मावेल, म्हणजे सुमारे दहा थेंब. पाच वर्षांनी ते होईल सुमारे ६५ मिलिलिटर, चहाच्या टपरीवरच्या लहान पेल्याएवढे. दहा वर्षांनी सुमारे ५२४ मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे जास्त! व्यास दहापट झाला, पण पाणी हजारपट झाले. वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढणाऱ्या पुटीला एवढे व्हायला तीस-चाळीस किंवा त्याहून अधिक वर्षे लागतील, हे तुम्हीच मोजून पाहा.

यकृत हा मोठा अवयव आहे. एका कोपऱ्यात लिंबाएवढी पिशवी असली तरी त्याचे काम अडत नाही. पिशवी मोठी होऊन आजूबाजूच्या भागांवर दाबू लागली, म्हणजे मग पोटात जड वाटते, उजव्या बरगडीखाली दुखते, गाठ हाताला लागते. फुप्फुसात असेल तर खोकला आणि छातीत दुखणे सुरू होते. कित्येकांना तेही होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी करताना पडद्यावर ती अचानक दिसते.

कोडे कसे सुटले?

माणसांच्या आणि जनावरांच्या शरीरांतील या पाण्याच्या पिशव्या लोकांनी फार प्राचीन काळी पाहिल्या होत्या. ग्रीक वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत पाण्याने भरलेल्या यकृताचे उल्लेख सापडतात. पण त्या पिशव्यांचा कुत्र्याशी संबंध आहे, हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फोन झीबोल्ट यांनी मेंढ्यांतील पुटी कुत्र्यांना खाऊ घातल्या. काही आठवड्यांनी त्या कुत्र्यांची आतडी तपासली तेव्हा त्यांत चिमुकले पट्टकृमी सापडले. हे १८५३ सालचे. दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, बेर्नहार्ट नाउनीन यांनी माणसाच्या शरीरातील पुटी कुत्र्याला घालून तसेच कृमी मिळवले. मेंढीतली पिशवी, माणसातली पिशवी आणि कुत्र्यातला कृमी या तिन्ही गोष्टी एकाच प्राण्याची रूपे आहेत, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

एका पुस्तिकेची गोष्ट

आता आपण उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड या बेटावर जाऊ. कारण या ज्ञानाचा पहिला मोठा उपयोग तेथे झाला.

एकोणिसाव्या शतकात आइसलँडचे लोक मुख्यतः मेंढ्या पाळून आणि मासे पकडून राहत. प्रत्येक घरी मेंढ्या आणि मेंढ्या राखायला कुत्रे. थंडी कडाक्याची, त्यामुळे माणसे आणि कुत्री एकाच छपराखाली राहत. मेंढी घरीच कापली जाई. हायडॅटिड रोगाला याहून सोयीची जागा कोणती? तेथे तो फार माजला होता.

१८६३ साली हाराल्ड क्राबे हे डॅनिश पशुवैद्य आइसलँडमध्ये गेले. त्यांनी १०० कुत्रे तपासले. त्यांतल्या २८ कुत्र्यांत हे कृमी निघाले! क्राबे यांनी मग एक छोटी पुस्तिका लिहिली. रोग कशाने होतो, तो टाळण्यासाठी काय करावे, हे तिच्यात सोप्या भाषेत सांगितले होते. १८६४ साली ती आइसलँडच्या भाषेत छापून घरोघर फुकट वाटण्यात आली.

आइसलँडचे लोक गरीब होते, पण त्यांच्यांत वाचता येणारे पुष्कळ होते. हिवाळ्याच्या लांबलचक रात्री घरातल्या सर्वांनी एकत्र बसायचे, हाताने लोकर पिंजायची, सूत कातायचे आणि एकाने मोठ्याने वाचायचे, अशी तेथे जुनी रीत होती. लिहिलेली गोष्ट अशा देशात म्हाताऱ्यांपासून मुलांपर्यंत सर्वांच्या कानी जाणे सोपे होते. पुढे १८६९ आणि १८९० साली कायदेही झाले. कुत्र्यांच्या संख्येला आळा घालणे, त्यांना जंताचे औषध देणे, पुटी असलेले अवयव जाळणे किंवा खोल पुरणे, या गोष्टी आवश्यक ठरल्या.

त्याच सुमारास आणखी एक बदल झाला. पूर्वी दुधासाठी मेंढ्या बरीच वर्षे पाळत. पुढे मेंढ्यांचे दूध काढण्याची रीत मागे पडली आणि काही महिन्यांची कोकरेच मांसासाठी कत्तलखान्यात पाठवली जाऊ लागली. कोवळ्या कोकरात ‘वाळू’ तयार झालेली नसते, हे तुम्हांला आठवत असेलच. चक्राची एक कडी अशी आपोआप तुटली.

परिणाम काय झाला? विसाव्या शतकात आइसलँडच्या डॉक्टरांनी शवविच्छेदनांच्या नोंदी मृतांच्या जन्मसालांप्रमाणे लावून पाहिल्या. १८६० ते १८७० च्या दरम्यान जन्मलेल्यांपैकी सुमारे पाचांत एकाच्या शरीरात पुटी होती. त्यानंतरच्या प्रत्येक दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण उतरत गेले आणि विसाव्या शतकात जन्मलेल्यांत ते जवळजवळ शून्यावर आले. विसाव्या शतकातही आइसलँडमध्ये या रोगाचे रोगी होते. पण ते म्हातारे होते. बालपणी त्यांच्या शरीरात शिरलेला रोग ते बरोबर घेऊन जगत होते. त्यांच्या मुलानातवंडांना मात्र तो झाला नाही. म्हाताऱ्यांची ती पिढी गेली तसा रोगही संपला.

पुढे ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात आणि न्यूझीलंडमध्येही मोहिमा झाल्या. कुत्र्यांची नियमित तपासणी, त्यांना औषध आणि कच्चे अवयव खाऊ घालण्यावर बंदी, हेच तेथेही केले. टास्मानियाने १९९६ साली आणि न्यूझीलंडने २००२ साली आपण या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर केले. तरीसुद्धा जगात आजही दहा लाखांहून अधिक माणसांच्या शरीरात हा रोग आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या घरातले समज

हा रोग भारतातही आहे. महाराष्ट्रात मेंढ्या, बकऱ्या, गाई-म्हशी आणि माणसे या सर्वांत तो आढळला आहे. धनगरांच्या वाड्यावर रात्री कुत्री राखण करतात. गावच्या जत्रेत बकरी कापली जातात. शहरांत उघड्यावरच्या कचऱ्याभोवती भटकी कुत्री जमतात. कृमीला लागणारी दोन्ही घरे येथे शेजारी-शेजारीच आहेत.

कुत्र्याला काय घालायचे, तो घरात कोठवर येणार, जनावर कोठे कापायचे, हे घरात बहुधा वडीलधारी माणसे ठरवतात. म्हणून त्यांचे समज तपासून पाहणे महत्त्वाचे आहे. असे काही समज पाहू.

१. *“आम्ही मांस खात नाही, आम्हांला कसला धोका?”* हा रोग मांस खाल्ल्याने होत नाही. पुटीतली वाळू माणसाच्या पोटात गेली तरी तिचे कृमी होत नाहीत. ते फक्त कुत्र्याच्या व त्याच्या जातीच्या प्राण्यांच्या आतड्यात होतात. माणसाला धोका असतो कुत्र्याच्या विष्ठेतील अंड्यांचा. ती न धुतलेल्या कोथिंबिरीवरून किंवा मुळ्यावरूनही येऊ शकतात. म्हणून पूर्ण शाकाहारी माणसालाही हा रोग होऊ शकतो.

२. *“आमच्या कुत्र्याला इंजेक्शन दिले आहे.”* ते इंजेक्शन रेबीजचे. ते अवश्य द्यावे, पण त्याने जंत मरत नाहीत. या कृमीवर प्राझिक्वाँटेल नावाचे वेगळे औषध आहे. ते पशुवैद्यांच्या सल्ल्याने, ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा द्यावे लागते. या औषधाने कृमी मरतात, अंडी मात्र मरत नाहीत. म्हणून औषध दिल्यानंतर दोन-तीन दिवस कुत्र्याला बांधून ठेवून त्याची विष्ठा खोल पुरावी किंवा जाळावी.

३. *“कुत्रा धडधाकट आहे, त्याला कसला रोग!”* कृमी असलेला कुत्रा धडधाकटच दिसतो, हे आपण पाहिले.

४. *“टाकून द्यायचे ते मुक्या जनावराच्या मुखी लागले तर पुण्यच.”* यामागची दया खरी आहे, तिला नावे ठेवू नका. एवढेच सांगा, की कच्चे काळीज आणि फुप्फुस कुत्र्याला घालू नये. घालायचेच तर ते निदान पाऊण तास चांगले उकळावे. पाण्याची पिशवी दिसली तर तो अवयव कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल पुरावा किंवा जाळून टाकावा.

५. *“मुलांना शाळेत जंताची गोळी मिळाली आहे.”* ती गोळी आतड्यातल्या जंतांसाठी असते आणि ती घेतलीच पाहिजे. पण तिच्या एका मात्रेने यकृतातली पुटी बरी होत नाही आणि पुढचा संसर्गही टळत नाही.

जुन्या माणसांच्या काही सवयी मात्र अगदी योग्य आहेत. बाहेरून आल्यावर हातपाय धुणे, कुत्र्याला स्वयंपाकघरात येऊ न देणे, त्याचे भांडे वेगळे ठेवणे, भाजी दोन-तीन पाण्यांनी धुणे, या सवयी आपण ‘जुनाट’ म्हणून सोडत चाललो आहोत. साबणाने ही अंडी मरत नाहीत. पण हात चोळून धुतले की ती निसटून पाण्याबरोबर वाहून जातात. सवय आजीची आहे. तिचे शास्त्रीय कारण तुम्ही तिला सांगा.

पुटी सापडली तर?

घाबरून जाण्याचे कारण नाही. आज यावर उपचार आहेत. सोनोग्राफीत पुटीचे रूप पाहून ती वाढती आहे की निष्क्रिय झाली आहे, हे डॉक्टर ठरवतात. काही पुटी आपोआप मरतात आणि त्यांच्यावर चुन्याचा थर चढतो. त्यांच्यावर नुसते लक्ष ठेवले तरी पुरते. काहींना अल्बेंडाझोल हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ द्यावे लागते. काहींतले पाणी विशेष सुईने काढून आत कृमीनाशक द्रव्य सोडतात. मोठ्या किंवा गुंतागुंतीच्या पुटींसाठी शस्त्रक्रिया करतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. पोटात गाठ लागत असली तर ती चोळणे, दाबणे, कोणाकडून तरी फोडून घेणे हे अत्यंत धोक्याचे आहे. पुटी फुटली आणि तिचे पाणी शरीरात पसरले, तर तीव्र ॲलर्जी होऊन जीव जाऊ शकतो. शिवाय पाण्याबरोबर पसरलेल्या वाळूच्या कणांपासून नव्या पुटी वाढू लागतात. म्हाताऱ्या माणसांना ‘वयोमानाने दुखतेच’ असे म्हणून दुखणे अंगावर काढायची सवय असते. पोटातले जडपण बरेच दिवस राहिले, तर त्यांना डॉक्टरांकडे नेण्याचा आग्रह तुम्ही धरा. डॉक्टरांना हेही सांगा, की पूर्वी घरी कुत्रा आणि मेंढ्या होत्या.

तुम्ही करून पाहा

आपल्या घरातील किंवा आळीतील साठ वर्षांवरील पाच व्यक्तींना पुढील प्रश्न विचारा. उत्तरे वहीत लिहून घ्या.

१. प्राण्यांपासून माणसाला होणारे कोणकोणते रोग तुम्हांला ठाऊक आहेत?
२. तुमच्या लहानपणी घरी कोणते प्राणी होते? कुत्रा रात्री कोठे झोपत असे?
३. घरी किंवा गावात बकरे कापले की आतले भाग कोठे टाकत?
४. कुत्र्याला जंताचे औषध देतात, हे तुम्ही ऐकले आहे का?
५. पोटातल्या पाण्याच्या पिशवीविषयी ऐकले आहे का? ती कशाने होते, असे लोक म्हणत?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत रेबीज किती वेळा आला आणि कृमींचे रोग किती वेळा आले, ते मोजा. वर्गातल्या सर्वांच्या नोंदी एकत्र करून तक्ता तयार करा. प्रश्न परीक्षा घेतल्यासारखे विचारू नका. “आजोबा, तुमच्या वेळी कसे होते?” असे विचारा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे देताना ती मंडळी मनापासून बोलू लागतील. कारण ती माहिती त्यांच्याकडेच आहे, पुस्तकात नाही. मेंढ्यांची, कुत्र्यांची, जत्रेची हकिगत पुरी ऐकून घ्या. मग या लेखातली चक्राची आकृती त्यांच्यापुढे काढा: कुत्रा, गवत, मेंढी, पुन्हा कुत्रा. आणि एका बाजूला माणूस. हे चक्र कोठे तोडता येईल, ते त्यांनाच विचारा. जनावरांशी आयुष्य घालवलेला माणूस ती जागा चटकन दाखवील.

आणि हो, घरातल्या कुत्र्याला हाकलून देऊ नका. हाकललेला कुत्रा उकिरड्यावर जाईल, मिळेल ते खाईल, आणि कृमीचे फावेल. त्याला शिजवलेले अन्न द्या, वेळच्या वेळी औषध द्या, त्याच्याशी खेळून झाल्यावर हात धुवा.

शेवटी एक हिशेब करा. तुमच्या धाकट्या भावंडाचे वय सात-आठ असेल. ते साठ वर्षांचे कोणत्या साली होईल? त्या साली त्याच्या पोटात पाण्याची पिशवी सापडेल की नाही, हे आज तुमच्या अंगणात ठरत आहे.